कार्टपर्यंत येऊन परत गेलेले २७० जण

प्रश्न : आम्ही लॅपटॉपच्या आणि ऑफिसच्या बॅगा स्वतः शिवून विकतो. दीड वर्षापूर्वी वेबसाइट सुरू केली. गेल्या महिन्यात तिच्यावर सुमारे ६,००० जण आले, ३०० जणांनी बॅग कार्टमध्ये टाकली आणि ऑर्डरी आल्या ३०. सोशल मीडियावर १८,००० फॉलोअर आहेत, रील पाहिल्या जातात, पण विक्री हलत नाही. जाहिराती सांभाळणारी एजन्सी म्हणते की अडीचपट परतावा मिळतो आहे, तेव्हा बजेट दुप्पट करा. पानावर उलटी मोजणी करणारे घड्याळ लावा, ‘फक्त २ नग शिल्लक’ असे लिहा आणि सुरुवातीला थोडे रिव्ह्यू विकत घ्या, असाही त्यांचा आग्रह आहे. अनेक विक्रेत्यांचा माल एकत्र विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर माल लावावा का, हाही विचार चालू आहे. काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पत्रात आकडे दिलेत, याबद्दल प्रथम मनापासून आभार. ‘विक्री होत नाही’ एवढेच लिहिणारी पत्रे बरीच येतात आणि त्यांना उत्तर देताना अंदाजानेच चालावे लागते. तुमच्या बाबतीत तसे नाही, म्हणून स्पष्ट सांगते : निदान पुढचे दोन महिने जाहिरातीचे बजेट वाढवू नका, कारण तुमच्याकडे माणसे येण्याची अडचण नाही, आलेली माणसे शेवटच्या दोन पायऱ्यांवरून परत जातात ही अडचण आहे.

६,००० पैकी ३०० जणांनी बॅग कार्टमध्ये टाकली, म्हणजे शंभरात पाच. हे प्रमाण काळजी करण्यासारखे नाही. माल लोकांना आवडतो आहे आणि फोटोही आपले काम करत आहेत, असा त्याचा अर्थ. पण त्या ३०० पैकी पैसे भरले फक्त ३० जणांनी, आणि २७० जण कार्टपर्यंत येऊन निघून गेले. ऑनलाइन खरेदीच्या पानांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या बेमार्ड या संस्थेने अनेक पाहण्या एकत्र करून काढलेली सरासरी अशी आहे की भरलेल्या कार्टपैकी सुमारे ७० टक्के कार्ट तशाच सोडून दिल्या जातात. म्हणजे कार्ट सोडून जाणे हा काही तुमच्या एकट्याच्या नशिबी आलेला प्रकार नाही. त्यातले कित्येक जण नुसते पाहायला आलेले असतात आणि ते कुठल्याच उपायाने थांबणार नाहीत. परंतु तुमचे प्रमाण ७० नसून ९० टक्के आहे. ते नुसत्या सरासरीवर आले तरी त्याच ३०० कार्टमधून ३० ऐवजी ९० ऑर्डरी निघतील, आणि त्यासाठी जाहिरातीवर जास्तीचा एकही पैसा लागणार नाही. सगळ्या ९० मिळतीलच असे वचन मी देत नाही, पण शोध कुठे घ्यायचा हे मात्र यातून नक्की ठरते.

म्हणून तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या दुव्यावरून, माझ्या फोनवर, तुमचीच एक बॅग विकत घ्यायला मी बसले. त्या पंधरा मिनिटांत काय घडले ते सविस्तर सांगते.

पान उघडताच, बॅग नीट दिसण्याआधीच, ‘आमच्या परिवारात सामील व्हा’ म्हणून ई-मेल मागणारी चौकट पूर्ण पडदा व्यापून उभी राहिली. ती बंद करण्याची फुली इतकी बारीक होती की दोनदा बोट चुकले. फोटो खरोखर सुंदर आहेत. शिवणीचा जवळून घेतलेला फोटो तर मी मोठा करून पाहिला. पण माझ्या मनात प्रश्न एकच होता : माझा लॅपटॉप यात बसेल का? पानावर उत्तर होते ‘आकार : लार्ज’ आणि खाली ‘१५ इंचांसाठी योग्य’. लॅपटॉपचे इंच हे पडद्याचे असतात आणि तेही एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजलेले. बॅगेच्या कप्प्याला मात्र त्या तिरक्या मापाशी काही देणेघेणे नसते, त्याला रुंदी, उंची आणि जाडी लागते. १५.६ इंची पडद्याची दोन मशिने कडांच्या रुंदीमुळे वेगवेगळ्या मापाची असू शकतात. शेवटी मी मोजपट्टी आणून माझा लॅपटॉप मोजला. तो ३६ सेंटीमीटर रुंद आणि साडेचोवीस सेंटीमीटर खोल भरला. ती मापे हातात घेऊन तुमच्या पानावर परत आले, तर ताडून पाहायला तिथे काहीच नव्हते. खरी ग्राहक असते तर मी तिथेच थांबले असते, किंवा तुम्हाला मेसेज करून उत्तराची वाट पाहत दुसरीकडे बघत बसले असते.

तरी पुढे गेले. बॅग कार्टमध्ये टाकली ती कुरिअरचा खर्च कळावा म्हणून, कारण तो बॅगेच्या पानावर कुठेच नव्हता. कार्टमध्येही नव्हता. आधी खाते उघडायला सांगितले, त्यासाठी पासवर्ड, मग मोबाइलवर आलेला ओटीपी, मग पूर्ण पत्ता, आणि इतके सगळे दिल्यावर शेवटच्या पानावर कुरिअरचा आकडा उमटला. पार्सल कधी पोहोचेल, हे तिथेही लिहिलेले नव्हते. बॅग परत करता येते का, हे शोधण्यासाठी पानाच्या तळाशी, सर्वांत लहान अक्षरांत असलेल्या दुव्यापर्यंत जावे लागले. (परतीची मुदत उदार आहे. इतकी चांगली सोय तुम्ही लपवून का ठेवली आहे?)

बेमार्डच्याच पाहण्यांत कार्ट सोडण्याच्या कारणांमध्ये सर्वांत वर असते ते शेवटी पुढे येणारे जास्तीचे शुल्क, आणि खाते उघडण्याची सक्तीही वरच्या कारणांतच मोडते. तुमच्या वाटेवर ही दोन्ही आहेत. माझा अंदाज असा की तुमच्या ३०० कार्टपैकी बऱ्याचशा कार्ट या विकत घेण्याच्या निर्णयाच्या नव्हेतच. कुरिअरचा खर्च आणि पोहोचण्याचा दिवस विचारण्याचा दुसरा मार्ग नसल्यामुळे लोकांनी त्या भरल्या आहेत.

तेव्हा पहिले काम हे. प्रत्येक बॅगेच्या पानावर, फोटोच्या लगेच खाली, लॅपटॉपच्या कप्प्याची आतली रुंदी, उंची आणि जाडी सेंटीमीटरमध्ये द्या आणि ‘आपला लॅपटॉप बंद करून असा मोजा’ हे दाखवणारे एक साधे चित्र लावा. रिकाम्या बॅगेच्या फोटोइतकाच, लॅपटॉप, चार्जर आणि पाण्याची बाटली भरलेल्या बॅगेचा फोटो महत्त्वाचा आहे. खांद्यावर घेतलेल्या बॅगेचा फोटो तर हवाच, कारण अंगावर पाहिल्याशिवाय आकार कळत नाही. बॅगेचे रिकामे वजन लिहा. कुरिअरचा खर्च आणि पोहोचायला लागणारे दिवस किमतीच्या शेजारी लिहा. खर्च जागेनुसार बदलत असेल तर पिनकोड टाकून तो तिथल्या तिथे दिसण्याची सोय करा, किंवा सरासरी खर्च किमतीत मिसळून सगळीकडे एकच किंमत ठेवा. खाते न उघडता ऑर्डर देता आली पाहिजे; ज्याला खाते हवे आहे त्याला ते पैसे भरून झाल्यावर विचारता येते. आणि ती ई-मेलची चौकट आजच काढून टाका.

लोकांचे प्रश्न कोणते, हे ओळखण्यासाठी कल्पना लढवायची गरज नाही. तुमच्या इनबॉक्समध्ये ते पडून आहेत. शेवटचे शंभर मेसेज काढा आणि प्रत्येकाचा मूळ प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत कागदावर उतरवा. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. पानावरचा मजकूर त्या प्रश्नांच्या क्रमाने लिहा आणि शब्दही शक्यतो त्यांचेच ठेवा, कारण जो माणूस मेसेजमध्ये ‘पावसात आतले भिजेल का’ असे विचारतो तो सर्च इंजिनमध्येही साधारण तसेच टाइप करतो. ‘दर्जेदार, आधुनिक जीवनशैलीसाठी’ अशा शब्दांनी कोणी बॅग शोधत नाही. सर्चमधून फुकट येणारा ग्राहक हवा असेल तर त्याचाही पाया हाच कागद आहे.

हे बदल केल्यावर पाच जणांना बोलवा. ते तुमच्या ओळखीचे असले तरी चालतील, पण त्यांनी तुमची वेबसाइट आधी पाहिलेली नसावी. प्रत्येकाच्या हातात त्याचाच फोन द्या, ‘तुमच्या लॅपटॉपसाठी एक बॅग ऑर्डर करा’ एवढेच सांगा आणि शेजारी गप्प बसून पाहा. हे गप्प बसणे फार अवघड जाते. बोट चुकीच्या जागी गेले की आपल्या तोंडून ‘अहो, तिथे नाही, वर’ असे निघतेच. ते आवरा. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली दाखवून दिले होते की वापरातल्या अडचणींपैकी बहुतांश अडचणी पाचच माणसांच्या निरीक्षणातून उघड होतात. दोन प्रकारची पाने आलटून पालटून दाखवून कोणते चालते हे मोजायचे, ती ए-बी चाचणी एखादी एजन्सी तुम्हाला विकायला आली, तर मात्र सध्या नको म्हणा. खरेदीचे प्रमाण २ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर गेले, हे खात्रीने सांगता यायला प्रत्येक पानावर साधारण २० हजारांहून अधिक माणसे यावी लागतात. महिन्याला ६,००० जण येणाऱ्या वेबसाइटवर त्या चाचणीतून जे निष्पन्न होईल तो बहुधा योगायोग असेल.

आता एजन्सीच्या ‘अडीचपट परताव्या’कडे वळते. या मुद्द्यावर मला खरोखर काळजी वाटते, कारण तो आकडा ऐकायला नफ्यासारखा वाटतो आणि तुमच्या व्यवसायात तो तोटा असण्याची शक्यता आहे.

बॅगेची विक्रीची किंमत १०० धरू. त्यातून कापड, चेन, अस्तर, शिलाईची मजुरी, पॅकिंग, कुरिअर, पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची) कपात आणि परत आलेल्या मालाचे नुकसान वजा करा. समजा हे सगळे ६५ होते, तर हातात राहतात ३५. जाहिरातीवर अडीचपट परतावा म्हणजे १०० च्या विक्रीसाठी ४० ची जाहिरात. ३५ मिळवायला ४० घातले. प्रत्येक बॅगेमागे ५ खिशातून गेले. या हिशेबात ना नफा ना तोटा अशी रेषा अडीचपटीवर नसून १०० भागिले ३५, म्हणजे जवळजवळ २.८६ पटीवर येते. तुमची खरी बेरीज ६५ च्या जागी ५० येत असेल तर चित्र बदलेल आणि अडीचपटीतही थोडा नफा राहील, म्हणून माझ्या आकड्यांवर विसंबू नका, स्वतःचे घाला. पण हा हिशेब होण्याआधी बजेट दुप्पट करणे म्हणजे तोटाही दुप्पट करून घेण्याची तयारी आहे.

शिवाय तो अडीचपटीचा आकडा काढला कुणी, हेही पाहा. जाहिरातीची माध्यमे आपापल्या अहवालात विक्रीचे श्रेय स्वतःकडे घेतात. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या, जाहिरातींत साधारणपणे गृहीत धरलेला नियम असा की जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत, किंवा ती नुसती दिसल्यापासून एका दिवसात खरेदी झाली, तरी ती त्या जाहिरातीमुळे झाली असे मोजले जाते. त्याच माणसाने मधल्या काळात सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक केले असेल, तर तीच ऑर्डर दुसऱ्या माध्यमाच्या खात्यावरही पडते. तेव्हा एजन्सीकडून सर्व माध्यमांनी दावा केलेल्या ऑर्डरींची बेरीज मागा आणि ती तुमच्या वहीतल्या ३० ऑर्डरींशी ताडून पाहा. बेरीज ३० च्या पुढे गेली तर समजा की काही ऑर्डरी दोनदा मोजल्या आहेत. मला स्वतःला एकच मोजणी विश्वासाची वाटते : महिन्याचा जाहिरातीचा एकूण खर्च, भागिले महिन्यातले एकूण नवे ग्राहक. एक नवा ग्राहक मिळवायला काय पडले, हे त्यातून कळते.

घड्याळ आणि ‘फक्त २ नग शिल्लक’ यांबद्दल माझे मत ठाम आहे. मुदत खरी असेल, म्हणजे रविवारी रात्री सवलत खरोखर संपणार असेल आणि सोमवारी कोणालाही मिळणार नसेल, तर घड्याळ अवश्य लावा. दोनच बॅगा उरल्या असतील तर तसे सांगणे ग्राहकाच्या सोयीचेच आहे. पण पान पुन्हा उघडल्यावर नव्याने सुरू होणारे घड्याळ म्हणजे खोटे बोलणे आहे. अशा फसव्या रचनांना डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले, आणि तेव्हापासून एकामागून एका देशाने त्यांवर नियम केले आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या व्यवसायाचा विचार करा. बॅग ही लोक दोन-तीन दिवस विचार करून, चार ठिकाणी पाहून घेतात. ज्याने मंगळवारी ‘शेवटचे २ तास’ पाहिले तो गुरुवारी परत येऊन पुन्हा ‘शेवटचे २ तास’ पाहील, आणि मग शिवणीच्या मजबुतीबद्दल तुम्ही लिहिलेल्या खऱ्या वाक्यावरही त्याचा विश्वास बसणार नाही.

विकत घेतलेल्या रिव्ह्यूंचेही तेच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर नियमानेच बंदी घातली. आणि मुळात त्यांची गरजही नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राने २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात असे दिसले की रिव्ह्यू शून्यावरून पाचवर गेले तरी खरेदीची शक्यता मोठ्या प्रमाणात वाढते, आणि ती सर्वाधिक असते ती ५ ताऱ्यांवर नव्हे, तर साधारण ४ ते ४.७ च्या दरम्यान. सगळेच गोड बोलले की वाचणाऱ्याला शंका येते. महिन्याला ३० बॅगा जातात. पार्सल पोहोचल्यावर दहा दिवसांनी, म्हणजे बॅग थोडी वापरून झाल्यावर, प्रत्येकाला स्वतःच्या नावाने दोन ओळी लिहून फोटोसह मत मागा. ‘बाजूचा खिसा लहान आहे’ अशी तक्रार आली तर ती ठेवा आणि खाली उत्तर द्या. ज्याला मोठा खिसा नको आहे तो ती वाचूनच ऑर्डर देईल.

१८,००० फॉलोअर ही कमाई आहे, तिला कमी लेखू नका. पण ती माणसे भाड्याच्या जागेत बसलेली आहेत आणि जागेचे नियम मालक बदलतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये ॲपलने आयफोनवरील ॲप्सना वापरणाऱ्याचा जाहिरातींसाठी मागोवा घेण्याआधी त्याची परवानगी विचारणे बंधनकारक केले, आणि त्याचा फटका २०२२ या एका वर्षात सुमारे १० अब्ज डॉलरचा बसेल असे फेसबुकच्या मालक कंपनीनेच सांगितले. एवढ्या मोठ्या कंपनीची जर ही गत, तर तिच्या आधाराने विक्री करणाऱ्या लहान व्यावसायिकांकडे स्वतःच्या ग्राहकांची यादी असायलाच हवी. ज्यांनी बॅग घेतली आहे त्यांची परवानगी घेऊन ई-मेल जमवा. त्यांना दर आठवड्याला सवलती पाठवू नका. पहिल्या ई-मेलमध्ये कापड कसे स्वच्छ करावे ते सांगा, सहा महिन्यांनी चेन अडत असेल तर काय करावे ते सांगा, आणि पट्टा किंवा चेन दुरुस्त करून देत असाल तर तेही. बॅग कोणी दर महिन्याला घेत नाही, पण चार्जरचा पाउच, टॅब्लेटची पिशवी किंवा ऑफिसमधल्या सहकाऱ्यासाठी दुसरी बॅग याच यादीतून विकली जाते, आणि त्या विक्रीवर जाहिरातीचा ४० चा भार नसतो. ई-मेल पाठवण्याची सेवा घेताना डोमेनची (वेबसाइटच्या पत्त्याची) पडताळणी, म्हणजे ई-मेल खरोखर तुमच्याकडूनच येतो याची खात्री पटवणारी जोडणी, नीट करून घ्या. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत, आणि मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावीच लागते. तुमची संख्या लहान असली तरी ही सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

मार्केटप्लेसवर जरूर जा, पण दोन महिन्यांनी, आणि दोन-तीनच बॅगा घेऊन. तिथे गर्दी आयती मिळते, पण कमिशन जाते, परत येणाऱ्या मालाचे नियम त्यांचे असतात आणि ग्राहकाचा ई-मेल सहसा तुमच्या हाती येत नाही. वर काढलेला १०० चा हिशेब मार्केटप्लेससाठी वेगळा मांडा. कमिशन धरून हातात काही उरत नसेल अशी बॅग तिथे लावू नका. मापे, भरलेल्या बॅगेचे फोटो आणि प्रश्नांची उत्तरे तोपर्यंत तयार झालेली असतीलच, तीच तिथेही वापरता येतील.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात तपासा. जाहिरातीची खाती, वेबसाइटचे डोमेन आणि वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजणी ठेवणारे खाते कुणाच्या नावावर आहे? ही सगळी तुमच्या नावावर, तुमच्या ई-मेलवर असली पाहिजेत आणि एजन्सीला त्यांत काम करण्यापुरता प्रवेश दिलेला असला पाहिजे. एजन्सीने ती स्वतःच्या नावाने उघडली असतील, तर करार संपेल त्या दिवशी दीड वर्षाचा सगळा इतिहास त्यांच्याकडे राहील. हे काम चांगल्या संबंधांत असतानाच करून घ्या. मागणी योग्य आहे आणि प्रामाणिक एजन्सी त्याला हरकत घेणार नाही.

दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. त्या पत्रात किती जण आले, किती कार्ट भरल्या, किती ऑर्डरी आल्या आणि एका नव्या ग्राहकामागे जाहिरातीचा खर्च किती पडला, एवढे चार आकडे द्या. बजेट वाढवायचे की नाही, हे तेव्हा ठरवू.